धुतलेले चाळीस बुश

मामूंनी पहिल्याच दिवशी मला हात धुवायला पाठवलं. धुवून आलो तर त्यांनी माझे हात हुंगले आणि परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी वैतागून विचारलं, "आता काय राहिलं?"

"साबण राहिला," ते म्हणाले. "साबण म्हंजे चरबी. चरबी घेऊन मेरी पावडर में हात नको."

मग कोपऱ्यातल्या डब्यातली मुलतानी माती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी धातुशास्त्राचा पदवीधर, पहिल्या वर्गात पास, गळ्यात कोरं करकरीत ओळखपत्र. आणि चिखलठाण्याच्या त्या कारखान्यात नळापाशी उभा राहून, हळद लागल्यासारखा कोपरापर्यंत माती चोळत होतो. प्रेसवरची माणसं मशीन थांबवून बघत होती.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मामूच म्हणायचे. ते स्वतः कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. भट्टीवरचा वेरूळ. प्रेसवरचे दोघे भाऊ मोठा पैठण आणि धाकटा पैठण. मी सोयगाव. इंजिनिअर असल्यामुळं माझ्यापुढं 'साहब' लागायचं. 'सोयगाव साहब' अशी हाक आली की आपण तालुक्याचे तहसीलदार झालो असं वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, झाकण धरायला बोलावलंय.

आमच्याकडं धातूच्या पावडरीपासून बुश बनायचे. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची लहानशी नळी. लोखंड, तांबं, कथील यांची पावडर मिसळायची, साच्यात दाबायची आणि भट्टीतून काढायची. वितळवायचं नाही. हे लोकांना पटत नाही. सोयगावात माझे वडील अजून सांगतात, "पोरगं लोखंडाचं पीठ मळतं." मामूंना विचारलं तर ते म्हणायचे, "वितळवणं सोपं हाय. सगळ्यांना मारून एक करायचं. इथं जिते-जिते एक करायचं. कणानं कणाचा हात धरला पाहिजे." माझ्या जाडजूड पुस्तकात हेच लिहिलं होतं, फक्त झोप येईल अशा भाषेत.

अशा बुशाच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. त्यांत तेल भरतात. आम्ही त्याला 'तेल पाजणं' म्हणायचो. दांडा फिरून तापला की बुश आपलं आपण तेल सोडतो, निवला की परत पिऊन घेतो. जन्मभर वरून वंगण घालावं लागत नाही. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मामूंचे आजोबा गल्लोगल्ली कल्हई करत फिरायचे, वडील रेल्वेत गँगमन होते. त्यामुळं कथील आणि स्टेशनं, दोन्ही त्यांच्या रक्तात. पावडर सुटी वाहते की नाही हे बघायला एक नरसाळं असतं. ठरावीक वजनाची पावडर त्यातून किती सेकंदांत खाली येते ते मोजायचं. त्यासाठी कंपनीनं स्टॉपवॉच दिलं होतं. ते कपाटात, डबीत, पहिल्या दिवसाच्या चकाकीसह झोपलेलं. मामू नरसाळ्याखालचं बोट काढायचे आणि मुकुंदवाडीहून गाडी सोडायचे. "मुकुंदवाडी... बडा टेशन... दौलताबाद... पोटूल..." प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबेल तेवढं थांबून. चांगली पावडर रोटेगावला संपायची. नगरसोलपर्यंत गेली तर तिनं ओल धरली. एकदा तर ती मनमाडला पोचली, आणि मामूंनी अख्खा ड्रम परत केला. पुरवठादाराचा माणूस विचारत होता, "मनमाडचा काय संबंध?"

त्यांना पकडावं म्हणून मी एकदा पाठीमागं उभा राहून लपून घड्याळ लावलं. पाच वेळा. पाचही वेळा रोटेगाव त्याच सेकंदाला आलं. सहाव्यांदा ते मागं न बघता म्हणाले, "सोयगाव साहब, चावी सावकाश दाबा. टिकटिक ऐकू येते."

मिक्सिंगच्या खोलीत खिडकीपाशी मिठाची वाटी असायची. सकाळी येऊन ते मिठात बोट फिरवायचे. मीठ ओल धरून बसलेलं असलं की ड्रम उघडायचा नाही. मोठे साहेब ओरडायचे, गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी असायची. मामू शांतपणे वाटी पुढं करायचे. "मीठ बसलं साहब. आज नाय." मोठे साहेब रागानं मिठाकडं असं बघायचे, जणू त्यालाच मेमो देतील.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षात पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं नवा बुश मागितला. तांब्या-कथलाचा महाग पडत होता. तितकाच टिकेल असा लोखंडाचा हवा होता, थोडं तांबं, नावापुरतं कथील आणि ग्रॅफाइट घालून. काम माझ्याकडं आलं. ग्रॅफाइट हलकं, लोखंड जड. मिक्सर थांबला की ग्रॅफाइट वर येऊन बसायचं, आणि बुश एका टोकाला कडक, दुसऱ्या टोकाला मऊ निघायचा. पुस्तकातून बघून मी अकरा मिश्रणं केली. अकराही वाया गेली. बाराव्याच्या वेळी मामू स्टूल ओढून शेजारी बसले.

"तुमच्या घरी थालीपिठाच्या पिठात हिंग कसा घालतात?"

"आधी चिमूटभर पिठात चोळून घेतात, मग सगळ्यात मिसळतात."

"मग इथं कायकू वरून फेकताय?"

त्यांनी ओंजळभर लोखंडाची पावडर परातीत घेतली, चार थेंब तेल टाकलं, ग्रॅफाइट घातलं आणि बोटांच्या पेरांनी चोळत बसले. अर्धा तास. मधे दोनदा मूठ कानापाशी नेऊन दाबली आणि ऐकलं. मग ते बाकीच्या पावडरीत गेलं. बुश भट्टीतून आल्यावर मी कडकपणा मोजला. दोन्ही टोकांना एकच आकडा. मला वाटलं मशीन बिघडलं. मी त्याला दोन चापट्या मारल्या. परत तोच आकडा.

अहवालात 'विकसित करणारा' या रकान्यात माझं नाव गेलं. मामूंचं घालायला दुसरा रकाना नव्हता. पट्टी घेऊन एक रेघ मारली असती तर झाला असता.

त्याच सुमारास मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं की, मिक्सिंगची खोली बंद करायची आणि बाहेरून तयार मिश्रण घ्यायचं. मामूंचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं. पण नव्या बुशाचे आकडे बघून साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे नमुने पुण्याला पास झाले, तर खोली राहील आणि मामू, तुम्हीपण राहाल. हात चालतायत तोवर." त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामूंनी स्वतःच्या डब्यातला खिमा सगळ्यांना वाढला, आणि धाकट्या पैठणला म्हणाले, "तुला शिकवतो. आधी नखं काप."

साठ बुश झाले. वीस मी चाचणीसाठी मोडले. चाळीस मामूंनी तेल पाजून, डब्यात घालून, झाकणाला चिकटपट्टी लावून माझ्या टेबलावर ठेवले. शुक्रवार होता. नमाजला निघताना ते म्हणाले, "डबा असाच पाठवा. खोलू नका."

मी खोलला. बुश तेलकट होते, हाताला लागत होते. पुण्याचे तपासणी अधिकारी पांढऱ्या रुमालानं माल पुसून बघतात अशी ख्याती होती. मला वाटलं, पहिली छाप पडली पाहिजे. लॅबमध्ये कंपनं देऊन सुटे भाग धुवायचं मशीन होतं. त्यात थिनर भरलं आणि चाळीसच्या चाळीस बुश वीस मिनिटं धुतले. थिनर पिवळं पडलं. मी स्वतःशीच म्हणालो, बापरे, केवढी घाण!

ती घाण नव्हती. ते तेल होतं. परीक्षेत याच प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते.

बुश असे चमकले की विचारू नका. मी ते कापसात मांडून मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले, चिकटपट्टी नवी लावली आणि गाडीत दिले. मामू परत आले तेव्हा मी शीळ घालत होतो.

आठ दिवसांनी पुण्याचे अधिकारी स्वतः आले. बैठकीत त्यांनी तीन काळे, जळके बुश टेबलावर ठेवले. "काही तासांत ओरडायला लागले. दांडा धरून बसले. आत तेल गेलेलंच नाही. मिश्रणात दोष आहे, भोकं बुजलीत."

'तेल' हा शब्द कानावर पडला आणि ते पिवळं थिनर माझ्या डोळ्यांपुढं आलं. त्याच क्षणी सगळं कळलं. तोंड उघडून एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. सिल्लोडची एक सोयरीक आली होती, आणि मुलीचे वडील दर फोनला एकच विचारायचे, "पर्मनंट झाले का?" मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. कुणी काही विचारेल म्हणून दुसराही प्यालो.

मोठे साहेब म्हणाले, "मामू?"

मामूंनी एक जळका बुश उचलला. बोटानं चोळला, हुंगला, उजेडात धरला. मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि म्हणाले, "हात चुकला असेल, साहब."

त्या वाक्यावर मी सात वर्षं काढली. मला वाटलं, मामूंना कळलंय. ज्याला मुठीतली पावडर ऐकू येते त्याला थिनर कळणार नाही? त्यांनी मला वाचवलं, पोरगं समजून पोटात घातलं. असं मानलं की झोप चांगली लागते. वर कृतज्ञ असल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच.

तयार मिश्रण यायला दीड महिना होता. तेवढ्या दिवसांत एकदा मामू माझ्याकडं आले आणि म्हणाले, "ते घड्याळ कुठं असतं? द्या." मी कपाटातून काढून दिलं. नरसाळ्याशी उभं राहून ते घड्याळात बघू लागले. स्टेशनं बंद झाली. मी मोठ्या पैठणला म्हणालो, "बघ, मामूपण मॉडर्न झाले!" पैठण हसला नाही. तो म्हणाला, "साहेब, ते कालपास्नं एकच पावडर चारचारदा मोजायलेत."

नंतर खोलीला कुलूप लागलं. मामू पॅकिंगला गेले आणि तिथून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात भाषण मीच केलं. कायम झालेला, लग्न ठरलेला, तुकतुकीत मी. 'मामूंचे हात म्हणजे आमची प्रयोगशाळा' असं म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. मामू पहिल्या रांगेत बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घेतले होते. मला वाटलं, लाजले.

दर रमजान ईदला मी किराडपुऱ्यात त्यांच्या घरी जायचो. जायचोच. तेवढा सज्जनपणा माझ्यात आहे. मामूंच्या बायकोला आम्ही मुमानी म्हणायचो. त्या शिरखुर्मा द्यायच्या, मी दोन वाट्या खायचो, कारखान्यातल्या माझ्या फजित्या रंगवून सांगायचो आणि दोघांना हसवून परत यायचो. त्या एका फजितीची पाळी कधी आली नाही. बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिचं लग्न निम्मं माझ्याशी आणि निम्मं त्या पर्मनंटशी लागलेलं. कुठल्या निम्म्याला सांगणार?

यंदाच्या ईदला शिरखुर्मा खाऊन मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथं पत्र्याच्या आडोशाला कोळशाची भट्टी होती, शेजारी कल्हईवाल्याचा जुना भाता, एक हातप्रेस, आणि काजळलेला बिडाचा डबा. फळीवर चहाचे काचेचे ग्लास रांगेनं मांडलेले. प्रत्येकात तेल, तेलात दोन-तीन वाकडेतिकडे बुश आणि ग्लासाला चिकटवलेली कागदाची पट्टी. चाळीस-पन्नास ग्लास तरी असतील.

"यांचा कारखाना," मुमानी मागून म्हणाल्या. "पेन्शनीचा कोळसा करायलेत."

मामू लगबगीनं आले. आधी चोरी पकडल्यासारखे ओशाळले, आणि मग एकदम माझा दंड धरून फळीपाशी घेऊन गेले.

"सोयगाव साहब, आता सापडत आलंय. ते चाळीस बुश. मैं बोलता हूं, मी ग्रॅफाइट जास्त चोळलं. तेलाचे थेंब चार नाय, पाच पडले असतील. म्हणून भोकं बुजली. इथं बघा, पाच थेंबांचं. हे तीन थेंबांचं. पण पाचवालंही तेल पितंय. सगळंच पितंय. फिर वो चालीस कायकू नहीं पिये?" त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. देताना तो हिंदकळला. हात थरथरत होता. गेल्या ईदला नव्हता थरथरत, की माझंच लक्ष नव्हतं? "तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा कुठं चुकलं."

म्हणजे त्यांना कळलं नव्हतं. बैठकीत माझ्याकडं बघितलं ते मला वाचवायला नव्हे. मी इंजिनिअर होतो, मी काहीतरी सांगेन म्हणून बघितलं होतं. मी पाणी पीत होतो.

"मामू, ते मी थिनरमध्ये धुतले होते."

"क्या?"

"पाठवायच्या आधी. डबा खोलून. चमकावेत म्हणून."

ते ओरडतील म्हणून मी खांदे आवळून उभा राहिलो. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि कामातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"हिलनेवाली मशीन में?"

"हो."

"थिनरचा रंग?"

"पिवळा झाला होता."

त्यांचे ओठ हलत होते. काहीतरी हिशेब लावत होते. मग म्हणाले, "फिर तो अंदर कुछ बचा ही नहीं होगा."

"नाही."

"मतलब मिक्स बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"हात बरोबर होता."

"बरोबर होता, मामू."

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला, फळीवर ठेवला, आणि मुमानींना म्हणाले, "इधर आओ. बैठो. साहब, फिर से बोलो."

मी परत सांगितलं. पहिल्यापासून. मुमानी पदर दाताखाली धरून ऐकत होत्या. ते झाल्यावर मामूंनी पुण्याला असलेल्या आपल्या मुलाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बोलो. पूरा बोलो. थिनर से शुरू करो." तिसऱ्या वेळी सांगताना मिठाईच्या खोक्यापाशी मला सवयीनं गोष्ट रंगवायचा मोह झाला. मुमानींनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी सरळ सांगितलं.

पलीकडून मुलगा एवढंच म्हणाला, "सुन लिया अब्बा. अब वो भट्टी बंद करो."

मामूंनी फोन ठेवला आणि बाजेवर बसले. दोन्ही हात उपडे-सुलटे करून बघू लागले. मी 'माफ करा' म्हणालो. ते माझ्या अंगावर आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली. माशी हाकलावी तशी की माफ केलं तशी, मला कळलं नाही.

दारापर्यंत सोडायला मुमानी आल्या. मामू बाजेवरून उठलेच नाहीत. मी चपला घालत असताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नोकरी सुटल्यावर दोन कारखान्यांतून बोलावणं आलं होतं यांना. वाळूजवाले तर गाडी घेऊन आले होते. हे गेले नाहीत. बोले, मेरे हात में खोट है, लोगों का नुकसान होगा. तुम्ही पहिल्या ईदला सांगितलं असतं तर गेले असते. तेव्हा हात हलत नव्हता."

त्यांच्या हातात माझ्या बायकोसाठी भरलेला शिरखुर्म्याचा डबा होता. तो त्यांनी दिला. दर वर्षी देतात तसाच, झाकण घट्ट लावून.

गाडी सुरू केली. पुढच्या ईदला येऊ का, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.